मेलेल्याला वन्समोअर

मोहफुलं वेचायला निघाले होते मी, आणि झाडाखाली एक माणूस गळा धरून तडफडत होता! हात वर, डोळे पांढरे... आणि धाडकन आडवा.

साप! दुसरं काय असणार? मी टोपली फेकली, कडुनिंबाचा पाला ओरबाडला आणि मूठभर त्याच्या तोंडात कोंबला. विष चढलं की पाला कडू लागत नाही, असं आमच्याकडे म्हणतात.

"ओ भाऊ! कडू लागते का?"

"थू... थू! बहुत कडू लागते!"

"मंग वाचले तुमी."

"अवो, मरणाची तालीम करून राह्यलो होतो! नाटकातला राजपुत्र हावो मी." त्यानं जिभेवरचा पाला काढला, माझ्याकडे नीट बघितलं आणि हसला. "अन् भाऊ नोको म्हणू. लटारू म्हण."

मी फेकलेली टोपली उचलून फुलं वेचू लागले. पण त्या दिवशी टोपली अर्धीच भरली.

आमच्या सावली गावच्या नाटकमंडळीचं ते जुनं नाटक साऱ्या चांदा जिल्ह्याला पाठ होतं. शेवटी राजपुत्र विष पितो, गाणं म्हणत मरतो आणि राजकन्या त्याच्या छातीवर पडून जीव सोडते. लटारू असा मरायचा, की बायांचे पदर ओले व्हायचे. मग मांडवभर एकच गलका – "वन्समोअर!" की मेलेला लटारू उठायचा, धूळ झटकायचा, नमस्कार करायचा आणि पुन्हा गाऊन मरायचा. मी तेवढी गप्प बसायची.

"सोमारी, तू काऊन वन्समोअर देत नाई?" त्यानं एकदा बोडीच्या तळ्यावर पाणी भरताना मला गाठलंच.

"एकदा मेला तेवढं पुरे."

"एवढा वाईट मरतो का मी?"

मी घागर उचलून चालू लागले. तो मेलेला मला एकदाही बघवत नव्हता, मग पुन्हा मर म्हणून कोण सांगणार? पण हे त्याच्या तोंडावर बोलायला मी काय वेडी होते!

पुढचा उन्हाळा लागला आणि नागपूरहून गुणवंतराव कॅमेरा घेऊन आले. त्यांना या नाटकाचा सिनेमा करायचा होता. आजवर राजकन्या व्हायचा मंडळीतला दसरू; पण कितीही घोटली तरी कॅमेऱ्यात त्याची दाढी दिसायची. खरी मुलगी हवी झाली. लटारूनं माझं नाव सुचवलं. माझी माय रुखमाबाई विचारात पडली.

"मराचंच हाये ना? मरू दे. पण त्याच्या अंगाले हात लावाचा नाई."

"अहो बाई, ती त्याच्या छातीवर पडून मरते," गुणवंतराव कळवळून म्हणाले.

"लांबून मरन."

शेवटी राजकन्येनंही लांब उभं राहून विषाचा पेला प्यायचा असं ठरलं, आणि माय छत्री घेऊन कॅमेऱ्याशेजारी ठाण मांडून बसली.

शूटिंगला सारं गाव लोटलं. जागा मिळाली नाही ते झाडांवर चढले. लटारू मेला... आणि झाडाझाडावरून आरोळी आली, "वन्समोअर!" सवयीनं उठलाच तो! वर नमस्कारही केला. गुणवंतरावांनी कपाळाला हात लावला. "अरे, सिनेमात माणूस एकदाच मरतो!" पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. आता एकच रीळ उरलं.

दुपारी ते लटारूला म्हणाले, "यावेळी नीट मेलास, तर मुंबईला नेतो. हीरो करतो तुला."

तो सरळ माझ्याकडे आला. "जाऊ का?"

"मले काऊन विचारतोस?"

"तू नोको म्हटलं तं नाई जात. एक शब्द म्हण, सोमारी."

"मी कोण म्हणणारी?" मी ताठ्यात म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. तो खाली मान घालून मरायला निघून गेला होता.

कॅमेरा सुरू झाला. गावानं तोंडावर हात धरले होते. लटारू मेला – खरंच एकदाच मेला. बोटसुद्धा हलेना. मी विषाचा पेला धरून लांब उभी. आता हा उठणार नाही... मुंबईला जाणार. मला रडूच फुटलं.

"वा! असंच!" गुणवंतराव कुजबुजले. "आता पेला ओठाला..."

मी पेला भिरकावला आणि धावत जाऊन त्याच्या छातीवर पडले. ती छाती धडधडत होती, मेलेल्या माणसाला मुळीच शोभणार नाही इतकी.

"वन्समोअर," मी हळूच म्हटलं. मग साऱ्या गावाला ऐकू जाईल असं, "वन्समोअर!"

एक डोळा उघडला. "कोनाचा?"

"माहा. नोको जाऊ मुंबईले."

राजपुत्र उठून बसला. झाडं नुसती गदगदली. रीळ संपलं आणि गुणवंतराव मटकन खाली बसले. "अरे, शोकांतिका होती रे ती..."

माय छत्री घेऊन आली. तिनं आमचे एकमेकांत गुंतलेले हात बघितले.

"सिनेमा सरला का?"

"सरला, बाई," गुणवंतराव कसेबसे म्हणाले.

"मंग हात सोड तिचा, लटारू. सोडाचा नसन तं बापाले घेऊन घरी ये, मागनी घालाले."

"बाप तं इथीच हाये!" लटारू ओरडला. मागच्या मोहावरून मुखरूबुवा धोतर सावरत, धडपडत उतरू लागले.

तेवढ्यात लटारू माझ्या कानाशी वाकला. "कडू लागते का?"

"नाई लागत," मी म्हटलं. विष चढलंच होतं मला, आता लपवून काय उपयोग!