दिवा झाकल्यावरचा आकडा

कोणाला पटो न पटो, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

रविवारची भर दुपार होती. पण आमच्या प्रयोगशाळेतल्या त्या खोलीला खिडकीच नाही. दार लावलं की मिट्ट काळोख.

आम्ही लेझरच्या काचा बनवतो. माझा थोरला भाऊ काच वितळवून ओतायचा आणि मी ती तपासायचो. तापवल्यावर किती फुगते, प्रकाश टाकल्यावर किती चमकते, वगैरे.

"मी जन्म द्यायचा आणि तू खोट काढायची," असं दादा चिडवायचा.

त्याच आठवड्यात दादा भट्टीसमोर कोसळला. नुकतीच एक काच ओतली होती. ती हळूहळू निववायची असते, पण त्या धावपळीत कोणीतरी भट्टीच बंद करून टाकली. अशा काचेत ताण राहतो. कधी तडकेल, नेम नसतो.

दादा दवाखान्यात बेशुद्ध होता. मला घरात बसवेना, म्हणून मी कामावर येत होतो.

त्या दुपारीही दादाची ती जांभळट काच यंत्रात ठेवली. आधी दिवा झाकून रीडिंग घ्यायचं, ही आमची पद्धत. काचेवर प्रकाशच नाही, म्हणजे शून्य यायला हवं.

शून्य नव्हतं...

तसं ही काच ठेवल्यापासून दोन दिवस ते येत नव्हतंच. असा आकडा आम्ही यंत्राचा दोष समजून सरळ वजा करतो. मीही करत होतो. त्या दुपारी मात्र बघत बसलो.

आकडा चढला... उतरला... थांबला.

पुन्हा चढला.

दवाखान्यात दादाचा श्वास असाच चालला होता. त्याच्यापाशी बसलेल्या वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादाचा श्वास कसा चाललाय? बघून सांग. मोठ्याने."

"हे काय आता खुळ्यासारखं?"

"सांग ना गं!"

"घेतला... सोडला... थांबलाय... हं, घेतला."

समोरचा आकडा तिच्या शब्दाशब्दावर हलत होता.

काच काढून ताण दाखवणाऱ्या भिंगाखाली धरली. आत ताणाचे रंगीत पट्टे पसरले होते. उपाय एकच. पुन्हा सावकाश तापवायची आणि सावकाश निववायची. मी ती छोट्या भट्टीत ठेवली. फोन चालूच होता.

"दादा, धीर धर रे," मी काचेला म्हणालो.

"घेतला... सोडला..." पलीकडून वहिनी.

भट्टीतून आवाज आला...

टक्.

"घेतला..." वहिनी म्हणाली.

मी वाट पाहत राहिलो. पुढचा शब्द आलाच नाही. मग तिचा हंबरडा ऐकू आला.

आता भट्टीचं काम माझ्याकडे आहे. मी ओतलेली पहिली काच जिवापाड जपून निववली. आज यंत्रात ठेवून दिवा झाकला.

आकडा चढतोय, उतरतोय.

मी श्वास रोखून धरला... तोही थांबला.

भिंगाखाली काचेच्या कोपऱ्यात एक बारीक रंगीत रेघ आहे. काल नव्हती. पुन्हा तापवायची माझी हिंमत होत नाही.