तिसऱ्या खिडकीतल्या बाई

आमच्या कंपनीत हातात मावणाऱ्या यंत्रांसाठी गेम बनतात. चित्रं हलवणं हे माझं काम. नव्या गेममध्ये एक मांजर गल्लीतून पळायचं आणि त्याच्या दर पावलाला पडदा लुकलुकायचा. साहेबांना ते दिसलं नाही. माझ्या सासऱ्यांना दिसलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस!

“जावईबापू, तुमचं मांजर आचके देतंय,” ते म्हणाले.

कारण साधं होतं. जुनं चित्र पुसून नवं काढेपर्यंत मधला कोरा पडदा क्षणभर दिसायचा. उपायही ठरलेला. मेमरीत एक छुपं पान ठेवायचं, चित्र आधी तिथं पूर्ण काढायचं आणि मग अख्खंच्या अख्खं पडद्यावर आणायचं. सोमवारी गेम द्यायचा होता, म्हणून शनिवारी जेवणाच्या टेबलावरच बसलो. दुपारपर्यंत लुकलुक बंद!

सासऱ्यांनी पाच मिनिटं खेळून चष्मा कपाळावर चढवला.

“झकास. पण त्या तिसऱ्या खिडकीतल्या बाई सारख्या आतबाहेर का करतात?”

गल्लीतल्या घरांच्या खिडक्या मी रिकाम्या काढल्या होत्या. मांजराच्या शेपटीतच माझे दोन आठवडे गेले होते, बाई कुठून काढणार? तरी खात्री करावी म्हणून छुपं पान लॅपटॉपवर उतरवून पाहिलं.

बाई होत्या. कपडे वाळत घालत होत्या.

साहेबांना चित्र पाठवलं. लगेच फोन आला. “सुंदर! पण क्लायंटनं बाई मागितलेली नाही. काढा.”

काढा म्हणे! कोडमध्ये बाई असत्या तर काढल्या असत्या. शेवटी वैतागून छुपं पानच काढून टाकलं. लुकलुक परत आली.

या वेळी मलाही दिसलं. मधल्या कोऱ्या क्षणात पडदा कोरा नव्हता. बाई खाली गल्लीत उतरल्या होत्या. दर लुकलुकीला एक पाऊल पुढे.

“इकडेच येताहेत,” सासरे हळूच म्हणाले.

मी घाईघाईनं पान परत घातलं. पडदा स्थिर झाला. मांजर, गल्ली, रिकाम्या खिडक्या.

सासऱ्यांनी रुमालानं यंत्राची काच पुसली. पुन्हा पुसली.

“वाफ धरलीये. जात नाही.”

मी बोट फिरवून पाहिलं. काच कोरडी होती.

वाफ आतून होती.

आम्ही बघत असतानाच तिच्यात डोळ्याएवढी जागा हलकेच पुसली गेली.