चढ आला का उतरायचं

मेसाईची आण घेऊन सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय.

खोटं निघालं तर माज्या उरलेल्या चार दाढा बी पडू द्यात. भाकरी कुस्करून खाईन, पर खोटं बोलायची न्हाई.

आन् ही रात्रीची गोष्ट न्हाई. भुतं रात्रीच निघत्यात हे कुणी सांगितलं तुमास्नी?

ही चैतातल्या आवसेची, टळटळीत दुपारची गोष्ट हाय. डोक्यावर ऊन, आन् सावली पायाखाली गोळा झालेली. जागा म्हंजी आमचं तळं. पाबळच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत.

मी साखरबाई. तळ्याच्या कडंनं एक रस्ता वळसा घालून जातो. तिथं गाडी न्हाई, घोडं न्हाई. ट्रक, कंटेनर सगळे शिक्रापूरच्या हायवेला. म्हणून पुण्याची सायकलवाली पोरं रविवारी हिकडं येत्यात. माजी सून नीलम त्यांना रस्ता दावती. वळसा मारून झाला का अंगणात पिठलं-भाकरी वाढती. माजा ल्योक रविराज रांजणगावला कंपनीत, त्याला सुट्टीच्या दिवशी बी ड्युटी. सगळं पोरीनं एकटीनं उभं केलं.

चांगलं चाललं होतं.

मग मोरीचं सुरू झालं...

तळ्याच्या पल्याड वढ्यावर एक मोरी हाय, बारका पूल. तिथं पोचलं का सायकल जड व्हायची. सपाटीला. वारं न्हाई, चढ न्हाई... आन् मागनं कुणीतरी धरल्यागत.

आधी एक पोरगी पडली. मग सत्यजीत म्हणून एक जण पडला. तालमीतल्यावानी गडी, पर खांद्याचं हाड मोडलं. त्याला जीपमधी घालताना माजा हात धरून म्हणला,

"आजी, माझ्या मागं कुणीतरी बसलं होतं."

"आरं, पर तुज्या सायकलीला कॅरेज कुठं हाय बसाया?"

"तेच ना आजी..."

पोराचं ओठ पांढरं पडलेलं.

मग काय, मारुतरावला निमित्तच पायजे होतं. मारुतराव म्हंजी माजा चुलत दीर. गावात त्याच्याशिवाय पान हलत न्हाई, असं त्याला वाटतं. देवळाच्या पारावर, सगळ्यांच्या देखत म्हणला,

"वहिनी, सुनंला आवरा. तिथं बया बसलीया. आज हाड मोडलं, उद्या कुणी मरंल. हे सायकलीचं बंद करा."

कुणी म्हणलं, ती बया बुडून मेलेली, वल्या लुगड्यात फिरती. कुणी म्हणलं, धरणाच्या कामावरची हाय. एक जण म्हणला, केडगावला माहेरी निघालेली, तिला कुणी सायकलवर घेतलंच न्हाई. जितकी तोंडं तितक्या बया!

नीलमच्या हातातल्या मोबाईलवर मेसेज येत होते. येत्या रविवारचं बी लोकं न्हाई म्हणत होती. पोरीचा खालचा ओठ दातात गेला...

माजं टाळकं सरकलं. ही पोरगी माज्यासारख्या सासूला कवा घाबरली न्हाई, आन् एका वल्या लुगड्याच्या बयेपायी घरात बसणार व्हय?

"भावजी, तुमची बया दुपारची निघती ना?"

"व्हय."

"मग आवसेला, भर दुपारी, मी एकटी जाते. आख्खा वळसा मारते. कुठंबी पाय टेकला न्हाई तर तुमी परत तोंड उघडायचं न्हाई."

"आन् टेकला तर?"

"तर नीलम बंद करंल."

नीलम म्हणली, "आत्या, अवो गुडघं बघा की सोताचं!" सून मला आत्याच म्हणती.

"गुडघं माजं हायत. तू पिठाचं बघ."

नवऱ्याची काळी सायकल काढली. दांडीची. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला का दांडी काय आडवी येत न्हाई. मागं ह्ये रुंद कॅरेज, त्याच्यावर मालक दुधाचे कॅन न्यायचे. मारुतराव आन् निम्मं गाव खिंडीत जाऊन बसलं. तळ्यावरनं गावात परत यायचं तर खिंडीचाच चढ हाय. तिथं म्हातारीचा पाय टेकणार, हे सगळ्यांना म्हाईत होतं.

मला बी म्हाईत होतं. पर तसं बोलायचं नसतं.

निघाले.

उतार झाला. तळं आलं. पाणी तळाला गेलेलं. बाभळीत होले घुमत होते. सायकलची चेन कुरकुर करत होती. लई बरं वाटत होतं, खरं सांगते.

मोरी आली...

होले गप झाले.

एक टिटवी वरडत होती, ती बी गप. चेनचा आवाज बी येईना. कानात कापूस घातल्यागत.

आन् मग...

कर्रर.

कॅरेज दबलं.

मागचं टायर खाली बसलं. पायडल जड झालं. मानंवर गार वारं आलं, त्याला शेवाळाचा वास...

टप.

टप... टप...

धुळीत थेंब पडत होते. चैताच्या उन्हात.

मी खाली सावलीकडं बघितलं. सावलीत मी होते, सायकल होती. कॅरेज मोकळं होतं.

मागं वळून बघितलं न्हाई. भ्याले म्हणून न्हवं. मागं बघितलं का तोल जातो, आन् तोल गेला का पाय टेकतो.

"बसलीस व्हय?" मी म्हणलं. "बस. पर त्या पोरांच्या मागं कशाला लटकतीस गं? त्यांच्या सायकलींना कॅरेज न्हाई, मडगार्ड न्हाई. तू घसरतीस, ती आपटत्यात. त्यांची हाडं मोडत्यात आन् माज्या सुनंचं चुलाण विझतं. लाज वाटत न्हाई?"

टप.

"कुठं जायाचंय तुला?"

काय न्हाई. नुसती गार हवा.

"न सांगंना का. बस गुमान."

सपाटीला कसंबसं रेटलं. पर खिंडीचा चढ लागला आन् माजं गुडघं बोलाया लागलं. हँडल डुलाया लागलं. उजवा पाय पायडलवरनं सुटला. वरनं मारुतराव वरडला,

"टेकला! टेकला!"

"आजून न्हाई टेकला, भावजी! डोळं तपासून घ्या!"

पर आता टेकणारच होता. नीलम वर उभी, तोंडात पदराचा बोळा. सायकल जागच्या जागी थांबाया आली...

आन् मला राग आला. बयेचा.

आमच्या वेळंला डबलशीटचा एक नेम होता. चढ आला का मागच्यानं न सांगता उतरायचं. उतरून कॅरेजला हात लावून ढकलायचं. जो उतरत न्हाई, त्याला परत कुणी बसवून घेत न्हाई. एवढंबी वळण नसंल तर काय उपेग?

मी जोरात वरडले,

"ए बये! चढ आलाय, दिसत न्हाई व्हय? उतर खाली! आयबापानं काय शिकवलंय का न्हाई?"



कर्रर.

कॅरेज वर आलं. सायकल हलकी झाली.

आन् मागनं... ढकललं.

देवाशपथ सांगते, मागनं दोन हातांनी ढकलल्यागत सायकल निघाली. मी पायडल मारायची थांबले. तरी सायकल चढत होती. खिंड संपस्तवर चढत होती.

वर मारुतराव टोपी हातात घेऊन उभा.

"वहिनी... तुमी पायडल मारत न्हवता."

"म्हातारं माणूस हाय. दमले."

"मग सायकल कशी..."

"पाय टेकला का, तेवढं सांगा."

त्यानं टोपी परत डोक्यावर चढवली. मग म्हणला, "न्हाई."

परत त्या माणसानं सायकलीचा विषय काढला न्हाई.

नीलम मातर जवळ येऊन हळूच म्हणली, "आत्या, चढावर वलं कशाचं सांडलंय?"

"बाटली गळत होती पाण्याची."

"बाटली घरीच राहिली की तुमची."

मी म्हणलं, "पिठाचं काय झालं?"

त्या दिवशी खिंडीतच ती बया गेली. पिंपळाची पानं सळसळली, गार झुळूक आली, कॅरेज आपोआप मोकळं झालं. मी पिंपळाखाली तिला हिरव्या बांगड्या ठिवल्या, हात जोडले. म्हातारीनं वळसा मारला हे ऐकून पुढच्या रविवारी पोरं परत आली. सत्यजीत बी आला, गळ्यात हात बांधून, नुसता पिठलं खायला. तवापासनं मोरीवर कुणी पडलं न्हाई.

हां... आता मेसाईची आण घेतलीया, आन् दाढा बी चारच हायत. म्हणून एक सांगून टाकते.

पिंपळाचं खोटं हाय.

आमच्या खिंडीत एक बी पिंपळ न्हाई. जाऊन बघा. झुळूक बी न्हवती आन् बांगड्या बी न्हवत्या. बया गेली, एवढंच नीलमला सांगितलेलं, तिला रात्रीची झोप लागावी म्हणून; पिंपळ न् बांगड्या तुमच्यासाठी वरनं घातल्या.

बया गेली न्हाई.

खिंड संपली, सपाटी लागली, आन् मागनं आवाज आला... कर्रर. परत बसली. थेट घरापतुर आली.

तवापासनं दर रविवारी पोरं पुढं, आन् मी मागं माज्या काळ्या सायकलवर. लोकांना वाटतं म्हातारी हौशी हाय. पर ती माज्या मागं बसली का पोरांच्या मागं लटकत न्हाई. चढ आला का न सांगता उतरती. वळणाची हाय बिचारी.

आत्ता हे सांगतीया, तवा सायकल समोर पडवीत उभी हाय. पाऊस न्हाई, कुणी धुतली बी न्हाई. कॅरेजखालची जमीन वली हाय.

तिची मला भीती न्हाई. एकच इचार मातर डोक्यातनं जात न्हाई...

मी गेल्यावर ती कुणाच्या मागं बसंल?

नीलमनं परवाच नवी सायकल घेतलीया. हौसंनं मागं कॅरेज लावून घेतलंय.

म्हणून मी ठरवलंय. सध्या मरायचं कॅन्सल.

ऐकलंस का गं, मागचे?

...टप.