लिनोला दिलेलं आमंत्रण

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि चार कोपऱ्यांवर कॉफीचे कप ठेवले होते. आमच्या अरेस गावाहून सान आंद्रेसच्या देवळाला आता सगळे गाडीनं जातात. कड्यांवरची जुनी पायवाट काटेरी झुडपांनी गिळली आहे. माझ्या भावजयीला, डोरिंडाला, तीच हवी होती.

"पुण्य जुन्या वाटेचंच लागतं," ती म्हणाली.

"आणि गुडघेदुखी वर फुकट," मी म्हटलं.

चिंता गुडघ्यांची नव्हती. आमच्याकडे सान आंद्रेसला प्रत्येकाला एकदा जावंच लागतं. जिवंतपणी राहून गेलं तर मेल्यावर. मग घरचे थडग्याशी जाऊन त्याला बोलावतात आणि सोबत नेतात. डोरिंडाला लिनोला न्यायचं होतं, तिच्या नवऱ्याला, माझ्या धाकट्या भावाला. त्याला थडगंच नव्हतं. गेल्या थंडीत त्याची होडी रिकामी सापडली, तो सापडला नाही. मी मासळीच्या लिलावात वजनकाट्याशी बसते. काट्यावर जे आलं नाही ते मी धरत नाही. माझा भाऊ जिवंत होता, आणि या बाईला तो मेलेला हवा होता. पाववाला कामिलो तिच्या दारात जरा जास्तच घुटमळायचा. तिच्यावर नजर ठेवायची म्हणूनच मी सोबत जाणार होते.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ती धक्क्यावर गेली आणि पाण्याकडे तोंड करून म्हणाली, "लिनो, गुरुवारी निघतोय. चल." शेजारणीला हाक मारावी तशी. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

सोमवारी मी मुक्कामासाठी फोन केला. त्या वाटेवर खाटा मिळतात त्या एकट्या एर्मिनियाबाईंच्या घरी.

"अगं पोरी, झालंय की तुमचं! काल दुपारी एका बाप्याचा फोन आला होता. गुरुवारी निघणार, दोघी बायका."

रिसीव्हर आपटून मी डोरिंडाकडे वळले. "कामिलोला कशाला मध्ये घातलंस?"

"कामिलोला? मी कुणालाच काही बोलले नाही." खोटं बोलताना ती मान खाजवते. आता खाजवत नव्हती.

मी पुन्हा फोन लावला. "बाई, तो काय म्हणाला ते नीट सांगा."

"म्हणाला, बाल्बिनाला कड्याकडची खोली देऊ नका. तिला भोवळ येते."

लहानपणी दीपगृहाच्या जिन्यात मी भोवळ येऊन पडले, ते फक्त लिनोनं पाहिलं होतं. लाजेपायी मी ते कुणालाच सांगितलेलं नाही.

"जिवंत आहे!" मी ओरडले. रडूच फुटलं. "ऐकलंस? मेलेली माणसं फोन करतात का गं?"

डोरिंडा हळूच खुर्चीत बसली. "कधी केला?"

"काल. दुपारी."

"म्हणजे मी बोलावल्यावर."

"गप्प बस!"

फोनवर एर्मिनियाबाई बोलतच होत्या. "मी विचारलं, तुम्हीही येणार ना, तिसरी खाट टाकू? तर म्हणाला, येणार, पण खाट नको."

"मग झोपणार कुठे तो?"

"खाट नको म्हटल्यावर मी काय ते ओळखलं, पोरी. बोलावलेली माणसं या वाटेनं सरडा, बेडूक, मुंगी होऊन येतात. एवढंच म्हणाला, बाल्बिनाला सांगा, पाय बघून टाक."

मी फोन ठेवला. तो जिवंत आहे, असं डोरिंडाला पुन्हा ठासून सांगितलं.

मग टेबलाकडे जाण्याआधी खाली फरशीकडे पाहिलं.