देठाची साक्ष

चुकीच्या बागेत शिरून मी संत्र्याच्या बारा झाडांना लाल फिती बांधल्या. तेराव्या झाडाशी पोहोचले, तेव्हा मागून कुणीतरी शांतपणे विचारलं, "मॅडम, आमच्या झाडाईचं लगन हाय का आज?"

तो संघपाल. शेंदूरजनाघाटची ती बाग त्याची आणि त्याच्या वडिलांची, जानरावांची. मला परवानगी मिळालेली बाग धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे होती. मी शरमून फिती सोडायला लागले, तर म्हणाला, राहू द्या, बांधलेलं सोडू नये. हे बोलताना त्यानं उगाच माझ्याकडे पाहिलं... मीही उगाच पाहिलं. प्रयोग मग त्याच बागेत झाला.

माझं संशोधन अमरावतीच्या विद्यापीठातलं. स्टेरॉइड हार्मोन झाडांतही असतात. ते फवारले तर तोडणीआधीची फळगळ थांबते का, हे मला बघायचं होतं. फळ गळतं ते देठामुळे. देठात एक एन्झाइम वाढतं आणि फळाची पकड सैल करतं. म्हणून दर सोमवारी माझी दोन कामं असायची — फितीच्या झाडांखाली गळलेली संत्री मोजायची, आणि थोडे देठ बर्फाच्या डब्यात घालून तपासायला न्यायचे.

पहिल्या दोन सोमवारी झाडांखाली नुसता सडा. मी मातीतच बसले आणि रडू लपवलं नाही. संघपालनं पाण्याची बाटली पुढे केली. तिसऱ्या सोमवारपासून गळ एकदम थांबली आणि माझे पाय जमिनीवर राहिनात. भुरभुर पावसात आम्ही धुऱ्यावर बसून भाकर खायचो. जानराव "जय भीम, पोरी" म्हणत ठेचा वाढायचे. संघपाल त्याची छत्री माझ्या नोंदवहीवर धरायचा; मी भिजले तरी चालेल, वही भिजायला नको, असं माझंच म्हणणं होतं. मी सोमवारची वाट मंगळवारपासूनच बघायला लागले होते, हे कबूल करते.

प्रयोगशाळेत मात्र देठ वेगळंच सांगत होते. एन्झाइम वाढलेलंच होतं. फळं गळायला हवी होती आणि गळत नव्हती. मी तपासणी पाच वेळा केली. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, तुझा हात कच्चा आहे, प्रबंधातून एन्झाइमचा भागच काढून टाक. तो भाग म्हणजे माझी दोन वर्षं होती. मी अकोल्याला आईला फोन केला — जुन्या शहरातल्या घरी परत येते, हे माझ्याच्यानं होत नाही.

ऑक्टोबरात शेवटचं म्हणून बागेत गेले आणि संघपालला हेच सांगितलं. त्यानं हातातली काडी मोडून टाकली.

"तुमचा हात कच्चा नाई," तो म्हणाला. "फळं गळूनच राह्यली होती. मी उचलत होतो... दर सोमवारी, तुमी यायच्या आधी."

"काहून?"

"तुमी रडल्या ना... मले पाहवलं नाई."

रागानं माझे कान तापले. अकोल्याची बोली आपोआप तोंडात आली. तुले काय वाटलं, मी खोट्यानं खूश होईन? महिनाभर मी स्वतःले मूर्ख समजून राह्यली होती! त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, तुमच्या सरांपुढं येऊन मीच सांगतो.

आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं, इस्त्रीच्या शर्टात, खरंच आला. सरांनी कारण विचारलं, तेव्हा त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. सर उगाच चष्मा पुसत बसले. मोजणी रद्द झाली, एन्झाइमचा भाग राहिला. फवारणी पुढच्या हंगामात पुन्हा करायची होती. वर्ष गेलं, पण माझा हात खरा ठरला होता.

स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. रागावलेली मी अजून होतेच. पण त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणावर रागवावंसंही वाटत नव्हतं.

"याल ना मॅडम, पुढच्या हंगामाले?"

"येईन. पण हार्मोननं काही झालं नाही, तर नाही झालं. एकही फळ उचलायचं नाही."

"नाई उचलणार."

"मी रडले तरी."

तो थांबला. "रडा. मी बाजूले बसून राहीन... चालन?"

"चालन," मी म्हणाले. जन्मभर चालेल, हे मनातच ठेवणार होते — पण तेही बोलून गेले.