झाकलेलं पाणी

नळातून अजूनही गुलाबीच पाणी येत होतं, आणि रंग का जात नाही, ते कोणालाच सांगता येईना.

चंद्रावरच्या वस्तीत रंगपंचमी खेळायची हौस कृत्तिकाची! पृथ्वीवरून लपवून आणलेली रंगाची पुडी पिण्याच्या टाकीतच सांडली. गाळणीचा कोळसा रंगाने तुंबला. राखीव पाणी रात्रीच्या जेवणापर्यंत जेमतेम पुरणार, आणि पाण्याचं यान यायला आठवडा होता.

वस्तीची रसायनं सांभाळणारी सुलूआत्या रागावली नाही, तेच कृत्तिकाला जास्त लागलं. आत्याने सकाळीच टाकीत एक जाळी सोडली होती. जाळीवर संयुक्त प्रकाश-उत्प्रेरकाचा (उजेडात घाण मोडणारी, स्वतः न संपणारी दोन पदार्थांची जोडी) लेप होता. दुपार झाली, तरी रंग हलेना.

"दोन पदार्थ कशाला गं?" कृत्तिकाने विचारलं, रडू येऊ नये म्हणून.

नळाचे नमुने तपासता तपासता आत्या सांगत गेली. उजेड पडला, की पहिल्या पदार्थातला इलेक्ट्रॉन (अणूतला ऋणभारित सूक्ष्म कण) जागेवरून उडतो. पदार्थ एकटाच असला, तर इलेक्ट्रॉन बहुधा लगेच परत येऊन बसतो आणि सगळं मुसळ केरात. शेजारचा दुसरा पदार्थ त्याला आपल्याकडे ओढून घेतो. मग ती रिकामी जागा पाण्यापासून आणि हा इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्राणवायूपासून जहाल कण बनवतात. ते रंगाच्या रेणूंचे लचके तोडतात. शेवटी उरतं मुख्यतः पाणी आणि कार्बन डायऑक्साइड.

"उजेड पडला, की..." कृत्तिका पुटपुटली आणि टाकीकडे धावली.

टाकीवर झाकण होतं. सकाळी तिनेच ओढलेलं. पिण्याचं पाणी उघडं ठेवायचं नाही, ही घरची शिस्त. आत्याही त्याच घरात वाढलेली, म्हणून येता-जाता तिलाही काही खटकलं नव्हतं.

"आत्या, झाकण मी लावलं," ती म्हणाली.

आत्याने कपाळावर हात मारला. दोघींनी झाकण सरकवलं. छताच्या आरशांवरून ऊन थेट जाळीवर पडलं.

कितीतरी वेळ काहीच होईना. कृत्तिका वाटीमागून वाटी भरून बघत राहिली. गुलाबी. फिकट गुलाबी. जेवणाची घंटा वाजली, तेव्हा वाटीचा तळ स्वच्छ दिसला. रंगाचे अर्धवट तुकडे उरले नाहीत ना, हे आत्याने तपासलं आणि पहिला पेला स्वतः प्यायली.

पृथ्वीवर रंगकारखान्यांमागच्या ओढ्यांतही अशी जाळी सोडता येईल का, असं कृत्तिकाने विचारलं.

"स्वस्त झाली तर. ते काम तुझ्याकडे."

कृत्तिकाने पेला संपवला. सवयीने तिचा हात झाकणाकडे गेला. तिने तो मागे घेतला.