पट्टी नको

त्या वॉर्डात ड्रेसिंग करावं तर मोठ्या सिस्टरनीच. हात इतका हलका, की पट्टी निघाल्याचं पेशंटला कळायचंही नाही. त्यामुळे नवे सर्जन म्हणाले, "जखम कोरडी आहे. तिसऱ्या दिवसापासून पट्टी नको, उघडीच ठेवा," तेव्हा सिस्टरना ते रुचलं नाही. पण त्यांना विचारतो कोण!

पेशंट म्हणजे पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या शिंपीणबाई. त्यांचा मुलगा सकाळी थर्मास घेऊन यायचा आणि वॉर्डभर सांगत सुटायचा, "जन्मभर लोकांचं शिवलं, आता हिलाच टाके पडले!" बाई पोट धरून हसायच्या, मग कळवळायच्या.

पट्टी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी जखम नव्हती. व्रणसुद्धा नाही. गुळगुळीत कातडीतून टाक्यांचे काळे दोरे नुसते वर आले होते.

"सुंठीवाचून खोकला गेला!" सर्जन खूश झाले.

सिस्टरनी न राहवून हातमोजा काढला आणि त्या जागेवरून बोट फिरवलं. कातडी थंडगार लागली.

त्याच्या दुसऱ्या सकाळी टाके काढताना त्यांचं लक्ष खाली गेलं. बाईंच्या ओटीपोटावर सिझेरियनचा जुना, जाड व्रण होता. रोज पाहिलेला. आज तिथे काहीच नव्हतं.

"चिरंजीव आले नाहीत आज?" सिस्टरनी विचारलं.

"कोणाचे?"

"तुमचे, बाई."

बाई ओशाळं हसल्या. "मला कुठलं आलंय मूलबाळ, सिस्टर? तुम्हीच तर लिहून घेतलंत."

सिस्टरनी केसपेपर उघडला. 'अपत्य नाही.' अक्षर त्यांचंच होतं.

शेजारच्या खाटेवरच्या आजींना विचारलं. "इथे? कोणीच येत नाही हो बिचारीकडे."

सिस्टरनी केसपेपर मिटला. त्या बाथरूममध्ये शिरल्या, कडी लावली, साडी सैल केली. एकवीस वर्षांपूर्वी त्यांचंही सिझेरियन झालं होतं.

व्रण होता. पण बोटभरच उरला होता.

त्यांनी एप्रनच्या खिशातला गॉज त्यावर दाबला. चिकटपट्टीवर चिकटपट्टी लावली. हात जड झाले होते.

मग लेकीच्या होस्टेलला फोन लावला.

"हॅलो?"

"मी बोलतेय गं."

"मी म्हणजे कोण?"

आवाज लेकीचाच होता. परक्या माणसाशी बोलताना ठेवते, तसा नम्र.